शेततळ्याचा कागद

सावेडी, नगर
८ डिसेंबर २०२५

रा. रा. रामहरी भावजी यांस,
स. न. वि. वि.

रविवार, दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी बोरखडीच्या दत्तमंदिराच्या लाऊडस्पीकरवरून तुम्ही, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पाठच्या भावाने, साऱ्या गावाला ऐकवलेत की अण्णांचं पाणी राहत नाही. वेळ अचूक आहे, कारण सप्ताहाचे थेट प्रक्षेपण तुमच्याच मंडळाने चालू ठेवले होते आणि मी ते इथे मोबाईलवर पाहत होते. माझी लेक आरती पुण्याला तिच्या सासूबाईंबरोबर पाहत होती. सासूबाईंनी विचारले म्हणे, कुठल्या विहिरीचे पाणी. आरतीने गावाकडच्या, एवढेच सांगितले.

मोठी वहिनी म्हणून मी तुम्हाला अनेक आशीर्वाद लिहायचे, अशी रीत आहे. या खेपेला नमस्कारावर भागवून घ्या. आशीर्वाद सध्या शिल्लक नाहीत.

फोन का केला नाही, असे तुम्हाला वाटेल. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून जन्म काढला, म्हणूनच केला नाही. फोनवर तुम्ही व्हय वहिनी, व्हय वहिनी म्हणता आणि फोन ठेवला की मोकळे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, की तक्रार लेखी करावी, मुद्द्याला धरून करावी आणि आवाज चढवू नये. मी आवाज चढवलेला नाही, याची नोंद घ्यावी.

वैजनाथांचे, तुमच्या अण्णांचे, काय झाले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. मधली वर्षे बरी गेली. मग रक्तातला तो आकडा पुन्हा चढू लागला, म्हणून पुण्याला रेडिएशन, आणि त्यावर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. शेवटचे ऑगस्टमध्ये घेतले. आता आकडा खाली आहे, डॉक्टर खूश आहेत, आणि जो भेटतो तो बरे झालात म्हणून पाठ थोपटतो. बरे म्हणजे काय, ते घरातल्या माणसाला विचारावे. लघवीवर ताबा राहत नाही. भर थंडीत अंगाची भट्टी होते. एक जिना चढला की बसावे लागते. अंगावरचे केस गेले, दंडाचे मांस गेले, आणि नको तिथे मांस आले. यातले त्यांनी बाहेरच्या एका माणसालाही सांगितले नव्हते. ते काम तुम्ही पंचक्रोशीत करून टाकलेत.

या सगळ्यात त्यांनी एकच गोष्ट सोडली नव्हती, ती म्हणजे सप्ताहातला वीणेचा पहारा. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही; गळ्यातून उतरवायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, हा तुमच्याकडचा नियम मला लग्नानंतर कळला. मला त्यात विशेष काही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण रेडिएशनच्या वर्षीही ते रविवारी चार ते सहा वीणा घेऊन उभे राहिले होते आणि घरी आल्यावर पोटभर जेवले होते. असे जेवण त्यांना त्या वर्षात दुसऱ्या कशाने गेलेले मी पाहिले नाही.

तुमची घोषणा झाली, आणि मागून कुणीतरी म्हणाले की मग शेततळ्यासारखा कागद टाका. माईक चालू होता. हशा पिकला. त्या हशात तुमचा आवाज मी ओळखला. आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी शिकवत, की लाईन बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. तुम्हाला कुणी शिकवलेले दिसत नाही.

त्यावर काल कळले की त्यांचा पहारा यापुढे दुसऱ्याला दिला आहे. कुणी दिला आणि कुणाला विचारून, हे मला लेखी कळवा. सप्ताह गुरुवारी संपला. ते अजून घरी आलेले नाहीत. फोनवर मी बरा आहे म्हणतात आणि ठेवून देतात. त्याचेही कारण कळवा.

सविताला आशीर्वाद, तिचा यात काही दोष नाही. तुमच्यावर किती लोभ ठेवायचा, ते उत्तर वाचून ठरवीन.

राजेश्वरी

* * *

मु. बोरखडी, ता. शेवगाव
१२ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस,
रामहरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुमचं पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं. सविताने एकदाच वाचलं आन् तुमचंच बरोबर म्हणली. मला तुमच्यावानी लिहिता येत न्हाई. झालं तसं लिहितो.

त्या दिवशी साडेचारला थ्री फेज लाईट आली. आठवडाभर रात्रीची पाळी हुती, ती अचानक दिवसा आली. सगळ्यांचा गहू पाण्याला आलेला. मांडवातले बाप्ये उठले आन् मोटारी चालू करायला पळाले. टाळकरी पळाले, पखवाजवाला पळाला. मी माईकपाशी, मंडळाचा अध्यक्ष श्रीमंत साऊंडच्या मशीनपाशी, बाकी साऱ्या बाया. आन् मधोमध अण्णा वीणा घेऊन उभे. मी बघितलं तर चेहरा पांढराफटक. डोळ्यानं खुणा करत हुते. आधी मला वाटलं चक्कर आली. मग धोतराकडं ध्यान गेलं.

तुम्ही म्हणाल तू का न्हाई घेतली वीणा. वहिनी, वीणा माळकऱ्यानंच घ्यायची असती. माझ्या गळ्यात माळ न्हाई, मी मटण खातो, तुम्हाला म्हाईतच हाय. श्रीमंतबी तसलाच. सविता दोन पावलांवर हुती, तिची माळ हाय, पण आपल्याकडं बाया वीणा घेत न्हाईत. म्हणून मी माईक धरला आन् ओरडलो की कुणी माळकरी असंल त्यानं पळत या, अण्णांचं पाणी राहत न्हाई. दुसरा शब्द मला त्या वक्ताला सुचला न्हाई. लघवी म्हणलं असतं तर देवापुढं वाईट दिसलं असतं.

कागदाचं श्रीमंत बोलला. त्यानं नुकतंच शेततळं केलंय, पाणी मुरू नये म्हणून तळाला प्लास्टिकचा कागद टाकलाय, त्याच्या डोक्यात दुसरं काही नसतं. मी हसलो, हे खरं हाय. घाबरलो की मला हसू येतं. वडलांच्या मयताला बी आलं हुतं, तवा तुम्हीच मला परसात न्हेऊन पाणी पाजलं हुतं.

एक सांगतो. अण्णांनी वीणा खाली ठिवली न्हाई. पुंजारामतात्या चिखलाच्या पायानं पळत आले, त्यांच्या गळ्यात दिली, पाया पडले, मग मागच्या दारानं मळ्यात गेले. तवापासून मळ्यातल्या खोलीतच राहतात. जेवण घेतात. नगरचं नाव काढलं की ज्वारीकडं बघत बसतात.

पहाऱ्याचं म्हणाल तर ते मी केलं न्हाई. कुणी केलं ते अण्णांनाच विचारा, मला त्यांनी शपथ घातलीय.

सविताचा नमस्कार. चुकलं असंल ते पोटात घाला. लोभ कमी करू नका, आधीच तुमच्याकडनं कमी मिळतो.

तुमचा,
रामहरी

* * *

मळा, बोरखडी
१६ डिसेंबर

सौ. राजेश्वरी हिस,
सप्रेम नमस्कार. नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहावेत असे वडील सांगत, पण तू पत्र उलट टपाली परत पाठवशील.

रामहरीला बोलू नकोस. पहारा मीच सोडला. सप्ताह संपल्यावर श्रीमंत आणि मंडळाची माणसे खोलीवर आली होती. कुणी काही बोलायच्या आत मीच म्हणालो की पुढच्या वेळी तरुण माणूस बघा. ते नको नको म्हणाले, पण फार वेळ म्हणाले नाहीत.

तू विचारण्याआधीच सांगतो. त्या दिवशी मी पॅड लावले नव्हते. नगरहून पिशवीत आणले होते. सकाळी आंघोळ केली, धोतर नेसलो, आणि मग ते हातात घेऊन उभा राहिलो. वीणा गळ्यात घ्यायची आणि खाली हे, असे मला जमेना. पिशवीत परत ठेवले. दुपारपासून पाणी प्यायलो नाही, चहा नाही; वाटले, तेवढ्यावर दोन तास निघतील. निघाले नाहीत.

मी इथे का राहिलो, असे तू रामहरीला विचारलेस. रागावून राहिलेलो नाही. नोकरीत असताना मी भूमापक म्हणून गावोगावच्या हद्दी मोजल्या. आता नगरमध्ये घराबाहेर पडलो की दुसरीच मोजणी करतो. कुठे मुतारी आहे, ती उघडी असेल का, तिथे पोचायला किती लागेल. त्या मोजणीत सावेडीचे वाचनालय बसत नाही, म्हणून मी जात नाही. पेन्शनरांची बैठक बसत नाही. आरतीकडे पुण्याला जायची एसटी बसत नाही. तुला मी म्हणायचो की कंटाळा येतो. कंटाळा येत नव्हता. इथे मळ्यात मोजणी लागत नाही. बांध आहेत, झाडे आहेत, कुणी विचारत नाही. मध्येच अंगाची भट्टी होते, तेव्हा सदरा काढून बाहेर बसतो. ज्वारीवरून गार वारा येतो आणि पाच मिनिटांत माणूस जागेवर येतो.

लाऊडस्पीकरचे म्हणशील तर पहिले दोन दिवस मी तोंड दाखवले नाही. नंतर लक्षात आले की आता कुणापासून लपवायचे राहिलेले नाही. बोलता बोलता मी उठून गेलो तर लोक वाट पाहतात आणि परत आल्यावर बोलणे तिथूनच पुढे चालू करतात. नगरमध्ये हे मला मिळालेले नाही.

कागदाच्या विनोदाचा मला राग आला नाही. हे तुला लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला. लिहितो. रेडिएशननंतर माझी गादी मधल्या खोलीत गेली आणि ती भिजू नये म्हणून चादरीखाली तू ते टाकलेस. कुशीवर वळलो की ते वाजते. मला जाग येते, मग मी वळत नाही. दोन वर्षे मी कागदावरच झोपतो आहे. श्रीमंतने फक्त मोठ्याने म्हटले. तू सोयीसाठी केलेस, मला माहीत आहे. तक्रार नाही.

हाडांच्या गोळ्या संपत आल्या आहेत. एसटीच्या पार्सलने पाठव. तब्येत जप, आणि मी नाही म्हणून रोज ऑम्लेट खाऊ नकोस, तुला पित्त आहे.

वैजनाथ

* * *

सावेडी, नगर
२० डिसेंबर

प्रिय वैजनाथ,
स. न. वि. वि.

तुमचे पत्र आले. क्रमाने उत्तर देते.

देवाला कापूस चालत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितले? वाती कशाच्या असतात? अत्तराचा फाया कशाचा असतो? तुम्ही पिशवीत परत ठेवलेत ते कापसाचेच होते, दुकानातले, नवे कोरे. दुपारभर पाणी न पिता उभे राहणे हा त्याहून मोठा वेडेपणा, आणि तो तुम्ही भक्ती म्हणून केलात, म्हणून मी त्याला आणखी काही म्हणत नाही. डॉक्टरांनी पाणी तोडू नका म्हणून बजावले होते, तेव्हा मी शेजारी बसले होते. तुम्ही मान हलवलीत. तुम्ही नेहमीच मान हलवता.

वाचनालयाचे मला माहीत नव्हते. कंटाळा येतो असे तुम्ही म्हणालात आणि मी ते खरे मानले, कारण तिथली माणसे खरोखर कंटाळवाणी आहेत. काल मी स्वतः जाऊन आले. मागच्या बाजूला शिपायाची एक मुतारी आहे, कडी लागते, नळाला पाणी आहे. ग्रंथपालबाईंना विचारले, त्या म्हणाल्या खुशाल वापरा. हे विचारायला मला लाज वाटली नाही. तुम्हाला वाटते, तर मी विचारत जाईन. मोजणीत तेवढी भर घाला.

आता मधल्या खोलीचे. तो कागद नव्हता. मेडिकलमधून आणलेले रबरी कापड होते आणि गादी नवी होती. गादी मधल्या खोलीत नेली ती तुम्ही म्हणालात म्हणून. रात्री पंखा लागतो, तुझी झोप मोडते, असे तुमचे शब्द होते. मला वाटले, तुम्हाला एकटे झोपणे बरे वाटते. तुम्हाला वाटले, मला. दोन शहाणी माणसे एका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकांची सोय करत पडून राहिली. खात्यात याला आम्ही दोन्हीकडून एंगेज लागणे म्हणत असू.

ते रबरी कापड मी काढले. चांगुणा आपल्याकडे भांडी घासते, तिला सरपण झाकायला हवे होते, ती घेऊन गेली. तुमची गादी माझ्या खोलीत आणून घेतली आहे. खराब झाली तर पिंजाऱ्याकडे देऊ, नगरमध्ये अजून पिंजारी आहेत. खिडकी उघडी राहील. थंडी वाजली तर मी दोन गोधड्या घेईन. इंजेक्शनांनी काय काय नेले, ते आपल्या दोघांना ठाऊक आहे आणि ते मी पत्रात लिहिणार नाही, कारण मला पोस्टमनचा भरवसा नाही. पण शेजारी झोपायला त्यातले काही लागत नाही.

पहारा तुम्ही सोडलात, हे मला पटलेले नाही. सोडायचा असेल तर उभे राहता येत नाही म्हणून सोडावा. तुम्ही तो ओल्या धोतराच्या लाजेने, चार माणसांपुढे, त्यांनी विचारायच्या आत सोडलात. असा राजीनामा मी खात्यात कुणाचा घेतला नसता. मला सप्ताहाचे काही कौतुक नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्हाला खरेच सोडायचा होता का, तेवढे कळवा.

गोळ्या पाठवलेल्या नाहीत. येऊन घ्या. ऑम्लेट दोनदाच खाल्ले.

तुमचीच,
राजेश्वरी

* * *

मु. बोरखडी
२८ जानेवारी २०२६

ती. सौ. वहिनींस,
रामहरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

अण्णा नाताळात श्रीमंतला घेऊन नगरच्या दवाखान्यात आले ते तिकडंच राहिले, बरं झालं. इकडं मळा सुना वाटतो, पण ते ठीक. श्रीमंतचं तुम्हाला कळलंच असंल. ज्यानं कागदाचा इनोद केला, त्यालाच वरीसभर रात्रीतनं पाच-पाच वेळा उठायला लागत हुतं, आन् बायकोला सांगत हुता की पंप बघाया चाललो. एक दिवस बांधावर अण्णांपाशी येऊन बसला आन् तासभर पावसापाण्याचं बोलला. अण्णांनीच मग विचारलं की किती वेळा उठतोस. नशीब, कॅन्सर न्हाई, नुसती प्रोस्टेटची गाठ वाढलीय, गोळ्यांवर हाय. आता त्याला कुणी शेततळ्याला कागद टाकला का विचारलं तर शिव्या देतो.

लिहायचं कारण की हनुमान जयंतीचा सप्ताह २६ मार्चला बसतोय. मंडळात श्रीमंतनं इषय काढला की अण्णांचा मान ठिवायचा. सगळ्यांनी ठरवलं की वीणेशेजारी मानाची खुर्ची मांडायची, गादीची, फेटा बांधायचा, सात दिवस अण्णांनी तिथं बसायचं, उठावं वाटलं की उठायचं. अण्णांना फोन केला तर म्हणाले बघू. त्यांचं बघू म्हणजे न्हाई, हे आपल्याला म्हाईत हाय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

आणखी एक. सांगू नको म्हणले हुते, पण तुम्ही मला लाईन बंद करायचं शिकवायच्या आधीचं हाय, म्हणून सांगतो. डिसेंबरात सकाळी देवळात कुणी नसताना अण्णा जायचे. खुंटीवरची वीणा उतरवून गळ्यात घ्यायचे, तारा लावायचे आन् उभे राहायचे. वाजवायचे न्हाईत, नुसतं उभं. सविताने दोनदा बघितलं. मग वीणा खुंटीला लावून घरी यायचे आन् म्हणायचे की चक्कर मारून आलो.

लोभ असावा, आता तरी थोडा वाढवावा.

रामहरी

* * *

सावेडी, नगर
१० फेब्रुवारी २०२६

चि. रामहरी भावजींस,
अनेक आशीर्वाद. मागच्या खेपेचे राहिलेले यातच धरावेत.

रविवार, दि. ३० नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे, ही वेळ मी विसरलेले नाही. त्यातून श्रीमंतचे भले झाले, याचा मला आनंद आहे. त्याने तुमची चूक कमी होत नाही. चूक चूकच राहते, भले वेगळे धरावे.

खुर्ची नको. गादीची तर मुळीच नको. तिच्यावर काय पसरणार होतात, ते मला विचारावेसे वाटले होते, पण तुमच्या मनात तसे नव्हते हे मला समजते. तुम्ही सगळ्यांनी मायेनेच ठरवले. पण आज दोन वर्षे ज्याला जो भेटतो तो बसा म्हणतो, त्याला तुम्हीही बसाच म्हणता आहात. फेटा बांधून म्हणता, एवढाच फरक. मी डिसेंबरात त्यांना विचारले होते की पहारा खरेच सोडायचा होता का. घरी आले, गोळ्या घेतल्या, जेवले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आजतागायत दिलेले नाही. ते उत्तर तुमच्या पत्रातून मिळाले. रिकाम्या देवळात वीणा गळ्यात घेऊन जो माणूस नुसता उभा राहतो, त्याला खुर्ची देऊ नये.

वैजनाथ ठीक आहेत. आठवड्यातून तीनदा वाचनालयात जातात. थकवा आहे, भट्टी आहे, आणि डॉक्टर म्हणतात इंजेक्शनाचा अंमल उतरायला वर्ष तरी जाईल. पाण्याचे मात्र आहे असेच राहील असे धरून चाला. तसे धरून चाललो आहोत. रात्री ते कुशीवर वळले की आता आवाज होत नाही. घोरण्याचा होतो. सकाळी मी ते त्यांना सांगते आणि ते नाकबूल करतात.

आता मुद्दा. त्या रविवारचा प्रकार मी तुमच्या पहिल्या पत्रावरून पुन्हा नीट वाचला. एक माळकरी वीणा घेऊन उभा आहे, त्याला पाच मिनिटे मोकळीक हवी आहे. दुसरा माळकरी दोन पावलांवर आहे. तरी तुम्ही माईक धरता आणि मोटारीवर गेलेल्यांना हाका मारता, कारण दोन पावलांवरच्या माळकऱ्याचे नाव सविता आहे. मी तिला फोन केला. (सविताला मी फोन करते, तिला केलेला फोन वाया जात नाही.) ती म्हणाली, हात पुढे गेला होता, मग मीच मागे घेतला, म्हणलं लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलेच. हात मागे घेऊनही म्हणायचे ते म्हणालेच.

म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव ठेवावा. हनुमान जयंतीच्या सप्ताहात रविवार, दि. २९ मार्च, दुपारी चारपासून <s>एक तास</s> दोन तास वीणेचा पहारा वैजनाथांचा. ते पॅड लावतील, पाणी पितील, आणि तहान मारून भक्ती करणार नाहीत. या तिन्ही गोष्टी त्यांनी मान न हलवता, तोंडाने कबूल केल्या आहेत. शेजारी मी उभी राहीन. त्यांना जायचे झाले की वीणा माझ्या गळ्यात देतील, आल्यावर परत घेतील. माईकची गरज पडणार नाही.

तुम्ही म्हणाल, वहिनी माळकरी नाहीत. गेल्या एकादशीला मी माळ घातली. वैजनाथांना घातल्यावर कळले. त्यांनी विचारले की आता रविवारी खाशील काय. ऑम्लेटचा तवा चांगुणा घेऊन गेली. आमच्या कॉन्व्हेंटच्या मेसमध्ये पन्नास वर्षांपूर्वी लागलेली सवय आहे, तेव्हा मी हे गंमत म्हणून केलेले नाही, एवढे मंडळाला कळावे.

तुम्ही म्हणाल, बाया वीणा घेत नाहीत. वीणा माळकऱ्यानेच घ्यायची, हा नियम तुम्हीच मला लिहिलात. त्यात बाई की पुरुष असे कुठे नाही. ती सवय आहे. सवय मोडते, मी गेल्या एकादशीला मोडली.

तुम्ही म्हणाल, मला रामकृष्णहरी म्हणता येत नाही. सूर बरा नाही, हे मान्य. पण एकच वाक्य तासन्‌तास, न थकता, न चिडता म्हणण्याचा अनुभव तुमच्या अख्ख्या मंडळापेक्षा मला जास्त आहे. त्याची मला पेन्शन मिळते.

वर एका तासावर काट मारून दोन तास केलेले दिसतील. मी एकच मागितला होता. पत्र टेबलावर ठेवून चहा करायला गेले, परत आले तर हे. ते अक्षर माझे नाही, तुमच्या अण्णांचे आहे. भूमापकाचे अक्षर तुम्ही ओळखताच. मी ते तसेच ठेवले आहे.

सविताला आशीर्वाद, आणि तिला सांगा की त्या दिवशी माझ्याही पलीकडे एक पाऊल जागा मोकळी ठेवते आहे.

या प्रस्तावावर मंडळाचे उत्तर, हो किंवा नाही, अध्यक्ष म्हणून श्रीमंतच्या सहीने, रविवार, दि. १ मार्च २०२६ रोजी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांच्या आत मला लेखी मिळावे. फोन घेतला जाणार नाही. बोरखडीला कागदाची एवढी हौस आहे, तर एक कागद माझ्या पत्त्यावरही टाका.

तुमची वहिनी,
राजेश्वरी